वहिनींचा हात

मासे आले ते मुंबईच्या आगबोटीने, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून. मिठाचा सत्याग्रह होऊन एकदोन वर्षे झाली असतील. आगबोट दूर पाण्यात उभी राहायची आणि उतारू पडावातून, लहान होडीतून, बंदराला लागायचे. थोरल्या भावाच्या ओळखीचा एक गृहस्थ तो डबा छातीशी धरून उतरला आणि माझ्या हाती देत म्हणाला, "घे बाबा, सांभाळ तुझे पाहुणे. मला डोळा लागू दिला नाही यांनी. सहा होते, चार उरलेत."

आमच्या घरात मासे रोज ताटात असत. त्यामुळे हे बोटभर लांबीचे, सोनेरी तांबडे चार जीव बघायला शेजारीण आली ती हसतच आली. "अगो, हे नुसते बघायचे? मुंबईकडे मासळी बघूनच पोट भरतं वाटतं!" आई हसली. वहिनीसुद्धा हसल्या. कित्येक महिन्यांत त्यांना हसताना मी पाहिले नव्हते.

वहिनींचे दुसरे मूल चार महिन्यांचे होऊन त्या श्रावणात गेले होते. पहिले त्याच्याही आधी. भाऊ मुंबईला एका पेढीवर कारकून, वर्षातून दोनदा घरी यायचा. वहिनी इथे आईजवळ.

आमच्याकडे हातगुणाला फार मान. नारळाचे रोप लावायचे, लोणचे घालायचे, कोंबडी अंड्यांवर बसवायची, तर ज्याचा हात चांगला त्याला बोलावून आणत. लग्न होऊन आल्या तेव्हा वहिनींना आळीत बोलावणी असत. हेदवीकडची पोर, हाताला गुण आहे, असे आईच सांगायची. दुसरे मूल गेल्यावर बोलावणी थांबली. कोणी तोंडावर काही म्हटले नाही. फक्त बोलावणे आले नाही.

भावाने हे सारे ओळखून मासे पाठवले होते. आठ दिवस आधी त्याचे पत्र आले, ते मीच वाचून दाखवले. त्याप्रमाणे खाडीवर होड्या दुरुस्त करणाऱ्या सुताराकडून सागवानी चौकटीत काचा बसवून पेटी करून घेतली. त्याने होडीचे सांधे बुजवावेत तशी ती राळेने बुजवली. मासे पेटीत कसे सोडायचे तेही पत्रात होते. विहिरीचे पाणी मातीच्या मडक्यात एक दिवस ठेवावे. ते पेटीत भरावे आणि माशांचा डबा त्यात तसाच तरंगू द्यावा. दोन्ही पाण्यांचा गारवा सारखा झाला की थोड्याथोड्या वेळाने पेटीतले वाटीभर पाणी डब्यात घालावे, आणि असे दोन तास केल्यावर मग मासे हलकेच सोडावेत. घाई केली तर दगावतील. शेवटची ओळ मी मोठ्याने वाचली नाही: "हे जगले तर तिला वाटेल की आपल्या हातात काही जगतं."

ती ओळ मला ठाऊक होती, हे आधी सांगून टाकतो.

वहिनींनी सगळे पत्राबरहुकूम केले. डबा तरंगत ठेवला, शेजारी पाट घेऊन बसल्या, तोंडाने आकडे मोजायच्या आणि एक वाटी घालायच्या. तेवढ्यात आईने चुलीजवळून हाक मारली, तशी त्यांनी वाटी माझ्या हाती दिली.

"भाऊजी, तीनशे मोजा आणि एक वाटी. आत्ता कुठे अर्धं झालंय. घाई नको हं."

"वहिनी, मी कचेरीत आकडेच मोजतो. काळजी सोडा."

त्या आत गेल्या. मी दोन वाट्या घातल्या असतील. कुंपणापाशी नाटकाच्या तालमीची मंडळी आली. "अरे, तुझ्यावाचून दुसरा अंक अडलाय! काय मासे शिजवतोयस काय?" मी एकवीस वर्षांचा. कचेरीत शिकाऊ उमेदवार. मला लाज वाटली की आपण बायकांसारखे वाटीने पाणी घालत बसलोय. मी डबा उचलला आणि सगळाच्या सगळा पेटीत उपडा केला. पेटी थोडी रिकामी दिसत होती. मडक्यात पाणी उरले नव्हते. माजघरात तांब्याचा हंडा होता, सकाळीच चिंच लावून लखलखीत घासलेला. घरातले सगळ्यात चांगले पाणी त्यातले, आल्यागेल्याला तेच द्यायचे. माशांनाही चांगलेच मिळेल म्हणून दोन कळशा ओतल्या आणि गेलो.

परत आलो तेव्हा वहिनी पेटीजवळ होत्या. "सगळ्या वाट्या घातल्यात?"

"मोजून."

"बघा तरी, कसे रुळलेत."

दुसऱ्या सकाळी एक मासा वर तरंगत होता. जेवणवेळेला दुसरा. दिवेलागणीला पेटीत हलणारे काही नव्हते. आई दारात उभी राहून म्हणाली, "चार जीव आले नि चार गेले. हिच्या हाताखाली काही टिकायचं नाही." ती दुष्टपणे बोलली नाही. तिला ते खरेच वाटत होते, आणि तिलाही दोन नातवंडे गेल्याचे दुःख होते.

वहिनींनी माझ्याकडे पाहिले. "भाऊजी, तुमच्या वाट्या नीट पडल्या ना?"

"हो."

"मग माझ्याच चुकल्या."

तेव्हा एक शब्द पुरला असता. मी पान खाण्याच्या निमित्ताने बाहेर गेलो.

त्यानंतर वहिनींनी स्वतःहूनच हात आखडला. लोणच्याच्या बरणीला शिवायच्या नाहीत. रोपाला पाणी घालायचे तर मोलकरणीला सांगत. माझे लग्न झाले, पहिला मुलगा झाला. बारशाला सगळ्यांनी त्याला घेतले. वहिनी दाराला टेकून दोन्ही हात पदराखाली धरून उभ्या. माझ्या बायकोने मूल पुढे केले तर म्हणाल्या, "नको गं बाई, असू दे त्याला सुखरूप." मी तिथेच होतो. मी मूल त्यांच्या हातात दिले नाही. त्यांना पुन्हा दिवस गेले नाहीत.

मी मनाशी म्हणत आलो की मासे प्रवासाने थकले होते, मरणारच होते. पुढे म्हातारपणी मुलाने घरात माशांची पेटी आणली तेव्हा मासे विकणाऱ्याने बजावले, "आजोबा, तांब्याचं भांडं पाण्याला लावू नका, विषासारखं बाधतं." मी त्याला दोनदा विचारले. तोवर वहिनी जाऊन सहा वर्षे झाली होती. शेवटच्या आजारात मी रोज त्यांच्या उशाशी बसत असे, आणि हवापाण्याच्या गोष्टी बोलत असे.

गेल्या महिन्यात नातीने लावलेली गुलाबाची फांदी वाळली. ती हसून म्हणाली, "थोरल्या आजींचा हात लागला वाटतं." तिने वहिनींना पाहिलेलेही नाही, घरात ही म्हणच होऊन बसली आहे. मी तिला बसवून हे सगळे सांगितले. ऐकून ती म्हणाली, "आजोबा, चार मासेच ना? कोण लक्षात ठेवतंय आता?" आणि फांदी उपटायला गेली.