वंदनाताई आणि मागचा ब्रेक

वंदनाताई कुणाला आधी "कशी आहेस?" असं विचारत नसत. सरळ सायकलीपाशी जात, सीट धरून मागचं चाक उचलत आणि गरकन फिरवत. ते थांबलं की मग माणसाकडे वळत. सगळी नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात, टर्बाइनच्या देखभालीत गेलेली. फिरणारी वस्तू दिसली की त्यांना चैन पडत नसे. आमच्या रविवारच्या सायकलवाल्यांत त्या वयाने सगळ्यांत मोठ्या आणि चढावर सगळ्यांत पुढे. आम्हा चाळिशीतल्यांना याचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू?

डेंग्यूतून उठल्यावर मी पुन्हा सायकल काढली, तर सपाट रस्त्यावरही धाप लागे. आता आपल्याच्याने होत नाही, सायकल विकून टाकावी, असं ठरवून मी धरमपेठेत त्यांच्या घरी सांगायला गेले. ताईंनी सवयीने माझ्या सायकलचं मागचं चाक फिरवलं. अर्ध्या फेरीतच ते अडलं.

"काहून वं, ब्रेक लावूनच सायकल चालवून राहिली का तू?"

आजारपणाआधी पंक्चर काढताना चाक बाहेर होतं, तेव्हा मी सहज ब्रेकचा लिव्हर दाबून पाहिला होता, हे मी त्यांना सांगितलं. ते ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "मधात डिस्क नाई तं पॅड एकमेकाले चिकटतीनच ना!"

या ब्रेकात तेलाच्या दाबाने दोन पिस्टन पॅडला चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीवर, म्हणजे डिस्कवर, दाबतात आणि लिव्हर सोडला की मागे सरतात. माझा एक सरत होता. दुसरा धुळीने जाम झाला होता. मी पुढे केलेला स्क्रू ड्रायव्हर ताईंनी बाजूला सारला. "हा पिस्टन चिनीमातीच्या कपासारखा असते. जोर केला तं फुटते." पॅड काढून, लिव्हर जरासा दाबून त्यांनी पिस्टनची कड बाहेर आणली, कापसाच्या काडीने पुसली, ब्रेकच्याच तेलाचा थेंब लावला आणि प्लास्टिकच्या पट्टीने पिस्टन हळूच आत ढकलला. असं पुन्हा पुन्हा, तो स्वतःहून सरायला लागेपर्यंत. मग चाक असं फिरलं की मी टाळ्याच वाजवल्या.

पुढच्या रविवारी पारशिवनीला जायचं होतं. सायकल हलकी झाली होती, तरी मी मागे पडलेच. मी हिरमुसले.

"ब्रेकचं होतं तेवढं गेलं," शेजारून चालवत ताई म्हणाल्या. "आता उरलं ते तुयं हाय. ते असं एका दिवसात नाई निघत. चाल आरामात."

त्या दिवशी त्या पूर्ण रस्ताभर माझ्याबरोबर राहिल्या. आम्ही सगळ्यांत शेवटी पोचलो. तिथे मंडळी हार घेऊन ताटकळत उभी होती. दुसऱ्याच दिवशी ताई कायमच्या मुलाकडे पुण्याला निघाल्या होत्या. नागपुरातली ही त्यांची शेवटची फेरी होती आणि मला सोडून सगळ्यांना ते ठाऊक होतं. हिला सांगू नका, असं ताईंनीच सगळ्यांना बजावलं होतं.

"समजलं असतं तं तू आलीच नसती," त्या म्हणाल्या. "म्हटली असती, तुमचा दिवस काहून खराब करू."

खरंच होतं ते. मला रडू आवरेना. सगळ्यांसमोर मी त्यांच्या घामेजल्या खांद्यावर डोकं ठेवलं. त्यांनी पाठीवरून हात फिरवला, मंडळींनी गळ्यात घातलेला हार काढला आणि हेल्मेटचा पट्टा बांधला.

"चाल वं," त्या म्हणाल्या, "ऊन तापून राहिलं. वापस जायले आपल्याले सगळ्यात जास्त वेळ लागन."