आमच्या हिला फार आवडतो
दूध-लोण्याला मज्जाव असलेल्या त्या हॉटेलात जोडपी हातात हात घालून यायची आणि मेनू वाचून नवरोबांचं तोंड उतरायचं. मग म्हातारा वेटर हळूच म्हणायचा, "काजूच्या दुधाचा केक घ्या, साहेब. आमची ही तर बोटं चाटत बसते."

ही कुठली आलीय डोंबलाची! गडी जन्माचा सडाफटिंग. पण थाप पचायची आणि केक खपायचा.

काल नेहमीच्या एका बाईंनी केक बांधून त्याच्या हाती दिला. "वहिनींना द्या हं, आठवणीने."

खोलीवर येऊन त्याने अर्धा केक खाल्ला, अर्धा झाकून ठेवला.

सकाळी ताटली उचलून पाहिली. हिने त्याला तोंडसुद्धा लावलं नव्हतं.