रूममेटची खरी शंका

माझा रूममेट एकोणिसाव्या शतकातल्या एका अमेरिकन तर्कशास्त्रज्ञाच्या तरुणपणच्या लेखनावर पीएचडी करतो. चहा घेणार का विचारलं, तरी डोळे मिटून विचार करतो. "उगाच शंका काढायची नाही, पण खरी आली तर दाबायची नाही," हे त्या लेखनाचं सार त्याने मला भांडी घासताना सांगितलं.

काल त्याचा डिफेन्स होता, म्हणजे प्रबंधावरची शेवटची तोंडी परीक्षा. परीक्षकांना खाऊ न्यायची इथली, अमेरिकेतली रीत, म्हणून मी शिरा केला. परीक्षक बाईंनी एक प्रश्न विचारला आणि हा म्हणाला, "माझा मुद्दाच चुकलाय. आज पदवी नको." पदवी घे, नंतर दुरुस्त कर, असं बाई म्हणाल्या, तरी ऐकेना.

"यार, पदवीशिवाय व्हिसाचं काय?"

"भीती वाटतेय रे," म्हणाला आणि शिरा वाढू लागला.

माझी पदवी, घराण्यातली पहिली, आईने देव्हाऱ्यात ठेवलीय. याने हातात आलेली परत केली. राग यावा की अभिमान वाटावा, मला कळत नाही.