मैत्रिणीच्या गावाला थेट विमान

माझी शाळेतली जिवलग मैत्रीण लग्न होऊन राजस्थानात गेली तेव्हा अठरा वर्षांची होती. तिच्या वडिलांचं मंचरला कापडाचं दुकान होतं. घराणं मारवाडी जैन, पण तीन पिढ्या इथंच गेलेल्या. मी अवसरी खुर्दच्या शेतकऱ्याची पोर, रोज चालत मंचरच्या शाळेत जायची. आमच्या दोघींत अस्सल गावरान मराठी तिचीच होती. मी पुढं डीएड करून शिक्षिका झाले, माझी भाषा पुस्तकी झाली. तिची मात्र जशी गेली तशीच राहिली, कारण तिकडं ती बोलायला कुणी नव्हतंच.

तिच्याकडं जायचं म्हणजे दोन दिवस मोडायचे. पुण्याहून एक गाडी, मध्ये उतरून दुसरी, मग बस, मग जीप. तिच्या थोरल्याच्या लग्नाला मी एकदाच गेले आणि परत आल्यावर आठवडाभर कंबर धरून बसले. त्यानंतर फोनवरच मैत्री.

मागच्या वर्षी एका सकाळी तिचा फोन आला. आवाज इतका चढलेला की मी घाबरलेच.

"अगं, तुमच्या नाशकावरनं आमच्या इथं विमान सुरू झालंय! थेट! दोन तासात! आता कसली कारणं सांगतीस?"

खरंच होतं. त्यांच्या शहराबाहेर पूर्वीची एक धावपट्टी होती, तिथं छोटं विमानतळ झालं होतं आणि आठवड्यातून तीन दिवस नाशिकचं विमान उतरणार होतं. मी बोरी बुद्रुकला सासरच्या अंगणात फोन धरून उभी, आणि आमचे हे बाजूला बसून पंप दुरुस्त करत होते. त्यांना म्हटलं, चला दोघं जाऊ. ते म्हणाले, "मी न्हाई येत. कांदा काढायला आलाय. तू जा बिनघोर. लई दिसांची मैत्री हाय तुमची."

एकटीनं आणि तेही विमानानं! पण सुनेनं त्याच संध्याकाळी मोबाइलवर तिकीट काढूनही टाकलं, म्हणजे मागं फिरायची सोयच राहिली नाही.

जायच्या आदल्या दिवशी मी मासवड्या केल्या. शाळेत असताना ती आमच्या घरी यायची तेव्हा आई तिच्यासाठी कांदा-लसूण न घालता वेगळ्या मासवड्या थापायची. तशाच मी केल्या, नुसतं तीळ-खोबऱ्याचं सारण भरून. रस्सा काही नेता येणार नव्हता.

नाशिकच्या विमानतळावर पिशवी मशीनमधून गेली आणि तिथला जवान पडद्याकडं बघत राहिला. डब्यात ओळीनं लांबट वळकट्या.

"माताजी, इसमें क्या है?"

"मासवडी."

"मांस?"

"मांस नहीं है! बेसन का है. मछली जैसा दिखता है, इसलिए मासवडी."

"तो मछली है?"

पस्तीस वर्षं मी मुलांना शिकवलं, पण इतकं समजावून सांगायची वेळ कधी आली नव्हती. शेवटी डबा उघडला. त्यानं वास घेतला, मागं वळून साहेबांना हाक मारली, साहेब मराठी निघाले. "अहो, सोडा त्यांना, लई भारी लागते ती," असं ते म्हणाले तेव्हा कुठं माझी सुटका झाली.

विमान एसटीपेक्षा थोडंसंच लांब होतं. माझ्या खिडकीशेजारीच मोठा पंखा. तो फिरायला लागला आणि दिसेनासाच झाला, तेव्हा मी हवाईसुंदरीला बोलावून विचारलं, "पंखा बंद पडला का?" ती म्हणाली, "नाही आजी, जोरात फिरतोय." विमान वर चढताना मी डोळे मिटून पाढे म्हटले. एकोणतीसच्या पाढ्यावर अडले आणि डोळे उघडले, तर खाली द्राक्षांचे मळे शिवणीच्या टाक्यांसारखे दिसत होते. मग भीती गेली ती गेलीच. पुढं हिरवं कमी होत होत सगळं मातकट झालं आणि आम्ही उतरलो.

विमानतळाचं दार उघडलं तर समोर ती. डोक्यावर पदर, हातात काठी, मागं मुलगा, सून, नातसून. मला बघताच काठी सुनेच्या हातात देऊन ती ओरडली, "आलीस का गं भवाने! किती वाट बघायची मानसानं?"

तिची नातसून तोंडाला ओढणी लावून हसत सुटली. दादीसांचा, म्हणजे आजेसासूबाईंचा, हा आवाज तिनं कधी ऐकलाच नव्हता.

चार दिवस आमच्या गप्पा थांबल्या नाहीत. कोणत्या बाईंनी कुणाला अंगठे धरायला लावले, कुणाच्या दप्तरात बेडूक सोडला. मासवडीचा पहिला घास घेऊन ती बराच वेळ चावत राहिली आणि म्हणाली, "तुझ्या आईच्या हाताची न्हाई, पण जवळ गेलीस."

तिसऱ्या दिवशी दुपारी मी सहज म्हटलं, "आता तू ये." तिचा भाऊ दुकान विकून मुलाकडं परदेशी गेला होता. मंचरला तिचं कुणीच उरलं नव्हतं.

"कुठं येऊ? म्हायेरच न्हाई ऱ्हायलं मला."

"बोरीला ये. माझ्या घरी."

"तुझ्या सासरी? माझं म्हायेर?"

"मग काय झालं? आमच्या ह्यांना विचारू?"

फोन लावून मी तिच्याच हातात दिला. पलीकडून हे म्हणाले, "ताई, इचारायचं काय त्यात? भाऊ म्हना मला, आन् या."

तिच्या मुलाला तिच्या गुडघ्यांची काळजी. पण विमानात बसायला गुडघे कशाला लागतात, असं तिनंच त्याला ऐकवलं. माझ्याच विमानात तिचं तिकीट मिळालं. खिडकीची जागा तिनं घेतली, मी मागितलीही नाही.

आठ दिवसांसाठी आलेली बाई बावीस दिवस राहिली. विमान आठवड्यातून तीनदाच, ह्या वारी नको, त्या वारी एकादशी, असं करत. मंचरला दुकान बघायला नेलं तर तिथं आता मोबाइलचं दुकान. मला वाटलं, रडेल. तिनं आत जाऊन मालकाला सांगितलं, "मी हितं गल्ल्यावर बसायची," आणि त्या बिचाऱ्यानं उठून तिला गल्ल्यावर बसवून चहा पाजला.

निघताना आमच्या ह्यांनी तिला भावाची म्हणून साडी दिली. हिरवीगार, जरीच्या काठाची. विमानातून उतरल्यावर तिनं घरी पहिलं वाक्य मराठीत बोलून टाकलं म्हणे, आणि कुणालाच कळलं नाही. परवा तिच्या नातसुनेचा फोन आला. "दादीसा दिवाळीला पीहर येणार हाय," ती दादीसांकडून शिकलेल्या मराठीत म्हणाली, माहेराला तेवढा तिकडचा शब्द वापरून, आणि अडखळत विचारलं, "मी पण येऊ का?"