पडद्याकडे पाठ करून बसणारे किशनराव

किशनराव कधीच पडद्याकडे बघत नसत. फिल्म सुरू झाली की ते आपली खुर्ची उचलत, पडद्याकडे पाठ करून बसत आणि बघणाऱ्यांची तोंडं न्याहाळत राहत. मी नवीन होते तेव्हा मला तो सरळसरळ अपमान वाटला. आपण आठवडाभर डोळे फोडून फिल्म करायची आणि या माणसाने तिच्याकडे पाठ फिरवायची! एकदा न राहवून विचारलंच. म्हणाले, "फिल्मचं काय बघायचं ताई? ती काय पळून जायलीय का? माणसं बघा. कुठं जांभई देतेत, कुठं बाजूच्याशी बोलायलेत. तिथं तुमची फिल्म मेली."

परभणीतली आमची छोटी संस्था शेतकऱ्यांसाठी माहितीच्या फिल्म करायची आणि त्या तालुक्याच्या गावी टचस्क्रीनवर बसवायची. किशनराव तिथले सगळ्यात जुने. हाताने तक्ते रंगवण्यापासून त्यांनी सुरुवात केलेली, मग स्लाइड आल्या, मग सीडी. माझ्याकडे मल्टिमीडियाची पदवी होती, त्यांच्याकडे दहावीचा दाखला आणि जवळच्या झरी गावात थोडंसं रान. तरी पहिल्याच दिवशी त्यांनी मला मल्टिमीडिया शिकवायला घेतलं. वयाने मोठे म्हणून मी गुमान ऐकलं.

"पाच चिजा हायेत. अक्षर, चित्र, आवाज, हालचाल. अन् पाचवं बोट."

"बोट?"

"बघणाऱ्याचं. त्यानं बोट लावलं, मागं नेलं, परत बघितलं, म्हंजे तो तुमच्यासंग बोलायलाय. न्हाईतर तुमी एकट्याच बडबडायलात."

माझ्या पुस्तकात या बोटावर एक अख्खं प्रकरण होतं. परीक्षेत मी त्यावर चांगले गुणही मिळवले होते.

फिल्म दाखवल्यावर 'समजलं का?' असं विचारायची त्यांच्याकडे सक्त मनाई होती. "समजलं का इचारलं की माणूस व्हय मनतो. तुमचं मन कसं मोडंल तो? हातात वस्तू द्या अन् मना, करून दाखवा." त्यासाठी झरीला त्यांच्या शेजारच्या रानातल्या गयाबाई होत्या. गयाबाईंना अक्षर येत नव्हतं आणि खोटं बोलायची सवय नव्हती. त्यांना दाखवल्याशिवाय आमची एकही फिल्म बाहेर पडत नसे.

त्या वर्षी कापसाच्या फवारणीवरची फिल्म माझ्याकडे आली. फवारताना पंपाचं नोझल तुंबलं की आपल्याकडे सर्रास ते तोंडाने फुंकतात आणि विष पोटात जातं. गयाबाई आणि त्यांचा मुलगा, दोघंही फवारणी करणारे. हंगाम तोंडावर आला होता. मी फिल्ममध्ये गंपू नावाचा एक वेंधळा आणला. गंपू नोझल फुंकतो, पिपाणीसारखा आवाज येतो, डोळे फिरवून तो धाडकन पडतो. मग शहाणा भाऊ येऊन ब्रशने नोझल साफ करून दाखवतो. ऑफिसात सगळे खो-खो हसले. साहेबांनी तर गंपू दोनदा लावायला सांगितला. मी हवेत होते.

झरीला गयाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. किशनराव नेहमीसारखे पाठ करून त्यांच्याकडे बघत होते. फिल्म संपल्यावर त्यांनी कोरा पंप पुढे ठेवला. आत नुसतं पाणी, नोझलमध्ये कणकेचा बारीक गोळा, शेजारी ब्रश. "गयाबाई, हे तुंबलंय. नीट करून दाखवा."

गयाबाईंनी नोझल काढलं, तोंडाला लावलं आणि जोरात फुंकलं.

"असं काहून केलं?" मी जवळजवळ ओरडलेच.

"त्या गंपूनंबी असंच केलं की बाई," गयाबाई म्हणाल्या. "लय गमतीचा हाय तो. त्याचंच ध्यानात राह्यलं."

परत येताना गाडीत किशनराव एवढंच म्हणाले, "गंपू काढा."

मी म्हणाले, "साहेबांना आवडलाय. परवा फिल्म जिंतूर-सोनपेठला जायचीय."

"मग माझं नाव काढा त्यातून."

मी काहीच काढलं नाही. दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि फिल्म लावली. साहेब पुन्हा पोट धरून हसले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. किशनरावांनी खिशातून तेच कोरं नोझल काढून पुढे धरलं, "साहेब, तुंबलंय. बघता का जरा?" साहेबही शेतकऱ्याच्याच घरचे. फोनवर बोलता बोलता त्यांनी नोझल उचललं, ओठांपर्यंत नेलं आणि तिथंच थांबले. नोझल टेबलावर ठेवून, फोन बंद करून ते माझ्याकडे बघत म्हणाले, "थांबवा ही."

मला किशनरावांचा राग आला होता, लपवत नाही. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. पण गयाबाईंचे ते फुगलेले गाल डोळ्यांपुढून हलेनात. शेवटी मी गंपूला कात्री लावली. नवी फिल्म अगदी साधी झाली: पंपाला दोरीने ब्रश बांधायचा, तुंबलं की तोच घ्यायचा, एवढंच. कुणीही हसलं नाही.

या वेळी गयाबाईंच्या रानात कामाला येणाऱ्या, आधीचं काही न बघितलेल्या बायकांना आम्ही ती दाखवली. पहिल्याच बाईने नोझल काढलं आणि सवयीने तोंडाकडे नेलं. तिचा हात मध्येच थांबला, खाली आला आणि तिने ब्रश घेतला. किशनराव खुर्चीवरून उठले.

"आता टाका माझं नाव," म्हणाले.

किशनराव गेल्या वर्षी गेले. मला त्यांची फार आठवण येते, आणि कामाच्या वेळी जास्तच. फवारणीची ती फिल्म अजून गावोगाव चालते. शेवटी त्यांचं नाव येतं, पण ते कुणी वाचत नाही. तोवर बायका पंपाभोवती जमलेल्या असतात. मलाही ते दिसत नाही. मी पडद्याकडे पाठ करून बसलेली असते.