मालकांना बोलू द्या

यमुनानं शेवटची माळ बुधवारी दुपारी केली. शेवंतीची. ओट्यावर भिंतीला पाठ टेकून बसली होती, पोटाशी उशी धरून. माळेच्या दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्याला बांधावं लागतं, म्हणजे गाठ ताठ बसते. तिला पाय लांब करता येत नव्हता, म्हणून त्या दिवशी अंगठा माझा. मी फुलं निवडून हातात द्यायचो, ती गाठ मारायची. दहा-बारा फुलं झाली की तिला दम लागायचा. दोरा ढिला पडला की मला कळायचं, थांबली.

मधेच म्हणाली, "अहो, मी शिवलेली चालंल का देवाला? जातंय अजून अंगावर."

मी म्हटलं, "चालंल."

"मंग तीस वर्षं का नाय चाललं?"

मी पुढचं फूल दिलं.

माळ पुरी झाली. तिनं ती ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. इंदिरानगरच्या एका डॉक्टरची माळ होती ती. त्याच्या दवाखान्यात देवाचा मोठा फोटो आहे. त्याला दर गुरुवारी आमच्या मळ्यातली माळ जायची. सात-आठ वर्षं चुकली नव्हती. गुरुवारी आमच्या पोरानं फुलांबरोबर ती पोचती केली. शुक्रवारी सकाळी यमुना गेली.

यमुना माझी बायको. ती होती तोवर मी तिला कधी नावानं हाक मारली नाही. "अगं" म्हणायचो. आता नाव घेतो, तर ऐकायला ती नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. फुलं लावणं आणि फुलं विकणं, एवढंच येतं. हे लिहितोय ते रडायला नाही. रडणं चालूच आहे, त्याला कागद लागत नाही.

मखमलाबादच्या शिवारात आमचा मळा. झेंडू, शेवंती, आणि बांधाच्या अलीकडं मेथी-कोथिंबीर. आमच्यात पद्धत अशी की फुलं देवाला जातात, म्हणून पाळीतल्या बाईनं फुलांत पाय ठेवायचा नाही. जिचे चार दिवस असतील तिनं बांधाच्या अलीकडं बसून भाजीच्या जुड्या बांधायच्या. म्हणजे साऱ्या मळ्याला दिसायचं, आज कोण बांधावर आहे ते. गडी एकमेकाला कोपर मारून हसायचे. माझ्या आईनं हे तिच्या सासूकडून घेतलं, मी आईकडून घेतलं. कुणी विचारलं नाही. मी तर नाहीच नाही.

यमुनाच्या हातासारखी तोडणी कुणाची नव्हती. देठ असा खुडायची की झाडाला कळायचं नाही. आणि महिन्यातले चार-पाच दिवस ती बांधावर बसून, लांबनं, दुसऱ्या बायका फुलं कशी ओरबाडतात ते बघायची.

पन्नाशीच्या आसपास तिचं अंग बदललं. शहरात नव्यानं मोबाईल दिसायला लागले होते, त्या सुमाराची गोष्ट. पौषातल्या थंडीत तिला घाम फुटायचा. तोंड लाल व्हायचं. हातातली टोपली ठेवून पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसायची. झोप नाही. भाकरी थापता थापता डोळ्यांना पाणी यायचं. काय झालं विचारलं तर म्हणायची, "मलाच कळंना." मी म्हणायचो, "काम नको झालंय तुला."

पाळी जायच्या वयात असं होतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या आईनं नाही, माझ्या आईनं नाही. मला तर कोण सांगणार, आणि सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का.

मग पाळी थांबली. वर्ष गेलं, आली नाही. यमुना खूश. कविताला, म्हणजे आमच्या सुनेला, म्हणाली, "आता मला बांध नाय गं." दुसऱ्या बायकांना पाळी गेली की म्हातारपण आल्यासारखं वाटतं म्हणतात. आमच्या हिला मळा मिळाला. अडीच वर्षं ती रोज फुलांत होती. सगळ्यांच्या आधी जायची, सगळ्यांच्या मागनं यायची.

आणि एका दसऱ्याच्या तोंडावर तिच्या लुगड्याला डाग पडला.

तिनं लपवलं. झेंडूचा ऐन हंगाम. सांगितलं असतं तर परत बांधावर बसावं लागलं असतं. नातू झालेली बाई बांधावर. म्हणून फडकी लपून धुतली, लपून वाळवली. दिवाळी उलटल्यावर मला सांगितलं. मी काय केलं? हसलो. म्हणालो, "तरणी झालीस की परत."

आणि म्हणालो, "मंग आता बांधावर बस."

मी म्हणालो. दुसरं कुणी नाही. आधी पाच दिवस बसली. मग आठ. मग थांबायचं, परत सुरू व्हायचं. शेवटी ती बांधावरनं उठेचना.

माघात तिला घेऊन त्या इंदिरानगरच्या डॉक्टरकडं गेलो. ओळखीचा माणूस, आपली माळ जाते, नीट बघेल असं वाटलं. आत गेलो. तो टेबलावर काहीतरी लिहीत होता. वर न बघता मला विचारलं, "काय होतंय यांना?"

मी सांगितलं, पाळी गेली होती, ती परत यायला लागली.

यमुना खुर्चीच्या कडेला बसली होती. हळूच म्हणाली, "पाळीसारखं नाय हे, डॉक्टर. पाण्यासारखं जातं, कधी गुलाबी, कधी लाल. वास येतो. आन्‌ आधी अडीच वरीस..."

डॉक्टर म्हणाला, "बाई, तुम्ही थांबा. मालकांना बोलू द्या."

ती थांबली. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू. एवढा मोठा माणूस मला मालक म्हणाला म्हणून बरं वाटलं. आणि मी बोललो. मला जे ठाऊक नव्हतं ते सगळं मी बोललो. पाळीच आहे, मागंपुढं होते, भाजीत बसते दिवसभर, उष्णता असेल.

त्यानं तपासलं नाही. कॉटवर झोप म्हणाला नाही. पाळी जाऊन किती झालं, हे विचारलं नाही. म्हणाला, "वयाचं आहे. चालायचंच. आणि वास येतो तर आधी अंग धूत जा. खता-मातीत बसायचं आणि वास येतो म्हणून डॉक्टरकडं यायचं."

दारातली नर्स तोंडावर हात धरून हसली. डॉक्टर पण हसला.

डॉक्टर हसला म्हणून मी हसलो.

यमुनानं माझ्याकडं बघितलं. एकदाच. मग खाली बघत पदर सारखा केला. तिच्या मागं भिंतीवर फोटो होता, फोटोला तिनंच केलेली माळ होती.

घरी आलो. दुसऱ्या दिवसापासून दिवसातनं तीनदा अंग धुवायला लागली. घासून घासून. साबणाची वडी आठ दिवस पुरेना. तांबड्या गोळ्या दिल्या होत्या, त्या घ्यायची आणि अंग धुवायची. आणि मी ओरडायचो, सरपण किती जाळते म्हणून.

पाच-सहा महिने असे गेले. अंगातलं मांस गेलं. आषाढात एक दिवस बांधावरच आडवी पडली. कवितानं मला विचारलं नाही. रिक्षा बोलावली आणि तिला सरकारी दवाखान्यात नेलं. मी मागनं गेलो.

तिथं बाई डॉक्टर होत्या. मी आत शिरलो आणि सवयीनं बोलायला सुरुवात केली. त्या म्हणाल्या, "बाबा, तुम्ही बाहेर बसा. मला यांच्याशी बोलायचंय."

मला राग आला. मी नवरा आहे, मला बाहेर काढते? चार माणसांत अपमान झाल्यासारखं वाटलं. आत यमुना अर्धा तास बोलत होती. दारातनं तिचा आवाज यायचा. बत्तीस वर्षांच्या संसारात ती इतकं सलग बोललेली मी ऐकली नव्हती.

गर्भाच्या पिशवीतला तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सर निघाला. पिशवीच्या बाहेर पसरला होता. मॅडमनी मला बसवून सांगितलं. घाम, वाफा, झोप उडणं, हे पाळी जाण्याचं असतं. ते फार झालं तर त्यालाही उपाय असतात, विचारायला यायचं. पण पाळी वर्षभर बंद राहिल्यावर परत रक्त गेलं, एक डाग जरी पडला, तरी ती पाळी नव्हे. दर वेळी कॅन्सरच असतो असं नाही, बऱ्याचदा साधंच काही निघतं. पण तपासायचं. थांबायचं नाही.

मी विचारलं, "मॅडम, पहिल्या डागाला आणली असती तर?"

त्या म्हणाल्या, "लवकर कळलं तर पिशवी काढून पुष्कळ बायका बऱ्या होतात, बाबा."

मी मनात दिवस मोजले. पहिला डाग दसऱ्याचा. मला कळलं दिवाळीनंतर. आणि कळल्यावर मी तिला बांधावर बसवली होती.

किरणांचे शेक दिले. केस तसेच राहिले, पण बाकीची यमुना वितळत गेली. ही पाळी नव्हे हे कळल्यावर तिचा बांध सुटला होता, आणि या सगळ्यात गुरुवारची माळ चालूच होती. लागलेलं गिऱ्हाईक. ती करायची, मी पाठवायचो. माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की ही माळ कुठं जाते. तिच्या डोक्यात येत असेल. तिनं बोलून दाखवलं नाही. तिला बोलायची सवय आम्ही कुठं राहू दिली होती.

तेरावा झाला. पुढच्या गुरुवारी मी स्वतः इंदिरानगरला गेलो. रिकाम्या हातानं. नर्स म्हणाली, "काय बाबा, दोन गुरुवार माळ नाही? फोटोवर वाळकीच आहे."

मी बघितलं. खरंच होती. यमुनाची शेवटची. शेवंती तपकिरी झाली होती, पण एक गाठ सुटलेली नव्हती.

स्टूल ओढलं, वर चढलो, माळ काढली. बाकावर सात-आठ पेशंट होते. गडबड ऐकून डॉक्टर बाहेर आला. "काय चाललंय बाबा?"

मी म्हटलं, "माळ करणारी गेली."

"कोण?"

"माघात आणली होती. तुम्ही तिला अंग धुवायला सांगितलं होतं."

त्याला आठवेना. मी खिशातनं मॅडमचा कागद काढून दिला. त्यानं वाचला. तोंड उतरलं, पण बोलला काय, "पेशंटनं नीट सांगायला पाहिजे ना. आम्ही मनातलं कसं ओळखणार?"

"ती सांगत होती. तुम्ही म्हणालात मालकांना बोलू द्या. मालकाला काय ठाऊक होतं?"

"हळू बोला, पेशंट बसलेत."

"ते बसलेत म्हणूनच मोठ्यानं बोलतोय. तुम्ही तिला विचारलं नाय. तुम्ही हसला. मी पण हसलो. मी माझं मरेपर्यंत वागवीन. तुमचं तुम्ही बघा. या भिंतीला आमच्या मळ्याचं फूल परत लागणार नाय."

आयुष्यात पहिल्यांदा शिकलेल्या माणसासमोर मान खाली न घालता बोललो. बाहेर आलो. मोठेपणा काही वाटला नाही. उशीर वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोडणीला सात बायका आल्या. कविता बांधाच्या अलीकडं मेथीत बसली होती. मी यमुनाची टोपली घेऊन तिच्याजवळ गेलो.

"ऊठ. फुलांत जा."

"आबा, माझं..."

"ठाऊक हाय. म्हणूनच म्हणतो."

ती बायकांकडं बघायला लागली. बायका माझ्याकडं. मी बांधावर उभा राहिलो आणि जे कुठल्या म्हाताऱ्यानं बायकांसमोर तोंडातनं काढलं नसेल ते काढलं.

"बायांनो, ऐका. पाळी जायच्या वयात घाम येतो, झोप उडते, जीव घाबरा होतो. त्याची लाज नाय. दवाखान्यात सांगा, विचारा. पण पाळी वर्षभर बंद राहिली आन्‌ परत डाग पडला, तर ती पाळी नाय. लपवायचं नाय, बांधावर बसायचं नाय, लगेच दवाखान्यात जायचं. नवऱ्याला बाहेर बसवायचं. पाळी कधी गेली, डाग कधी पडला, वास येतो का, सगळं आपल्या तोंडानं सांगायचं. डॉक्टर ऐकत नसंल तर उठायचं आन्‌ दुसरा गाठायचा."

एकीनं पदर तोंडाला लावला आणि हसली. म्हणाली, "काय आबा, या वयात काय हे."

मी म्हटलं, "हसा. मी पण हसलो होतो. उद्या परत सांगणार. रोज सांगणार."

कवितानं टोपली घेतली. बांधावर एक पाय ठेवून थांबली, माझ्याकडं बघितलं, आणि पलीकडं शेवंतीत उतरली.

मी तिच्या जागेवर खाली बसलो आणि मेथीची जुडी बांधायला घेतली.