नांदेडच्या सभेला उशीर

लातूर वेगळा जिल्हा झाला आणि अण्णांचं टेबल उस्मानाबादहून लातूरला आलं. अण्णा म्हणजे माझे वडील, कारकून. नवा जिल्हा, ओल्या रंगाच्या पाट्या आणि रोज कुणाची ना कुणाची पार्टी. अण्णा आधीही प्यायचे, पण सणासुदीला. जिल्ह्याच्या ठिकाणी आल्यावर तेही जिल्ह्याच्या मानानं प्यायला लागले, असं माय म्हणायची. तिचं बोलणं तिरकस, माझ्यातही ते तिच्याकडूनच आलं.

आमच्या घरात बुद्धवंदना होती. नवस, अंगारे, देवदेवस्की सगळं आजोबांनीच बंद केलेलं. शपथ तेवढी राहून गेली होती. दारू सोडायची तर लेकराला समोर बसवायचं, त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि चार माणसांदेखत म्हणायचं, आजपासून बंद. अण्णांनी माझ्या धाकट्या बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला, कारण ती त्यांची लाडकी होती. तिला तो खेळ वाटला, ती हसत होती. शपथ पोळ्यापर्यंत कशीबशी टिकली.

पुढचा उन्हाळा दुष्काळाचा. टँकरचं गढूळ पाणी फडक्यानं गाळून प्यायचो. उलट्या-जुलाबानं बहीण गेली. पाणी बाधलं, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. आत्या मात्र मयतीच्या घरातच बोलली, "शपथ मोडली की ज्याच्या डोक्यावर घेतली त्येला लागती." शिकलेल्या अण्णांनी डॉक्टरांचं ऐकलं नाही, आत्याचं ऐकलं. मला त्या बाईचा अजून राग येतो. त्यानंतर अण्णा सकाळीच प्यायला लागले.

नांदेडला दर रविवारी संध्याकाळी एका शाळेच्या खोलीत दारू सोडलेली माणसं जमतात, हे मायला शेजारच्या नर्सबाईंनी सांगितलं. माय कितीतरी दिवस अण्णांच्या मागं लागली होती.

"तिथं काय करतेत?" अण्णांनी विचारलं.

"बसतेत, बोलतेत म्हणं. जाऊन तर बघा."

सोबत मला धाडलं. मी तेव्हा कॉलेजात होते. अण्णांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. सकाळपासून प्यायले नव्हते, त्यामुळे हात थरथरत होते, तिकीटही मीच काढलं. अहमदपूरच्या पुढं एसटी तापली. ड्रायव्हर डबा घेऊन जवळच्या वस्तीवर गेला. हापसा कोरडा होता आणि बायांनी घागरीतलं पाणी गाडीला द्यायला साफ नकार दिला. त्यांचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. इंजीन आपोआप थंड होईपर्यंत आम्ही बाभळीखाली बसून राहिलो. अण्णा पुन्हा पुन्हा रस्त्याकडं बघत होते. त्यांना खरोखरच जायचं होतं, हे मी सांगू शकते.

नांदेडला उतरल्यावर अण्णांनी शाळेचा पत्ता विचारला, सभेचा विचारला नाही. पोचलो तेव्हा दिवे लागले होते. खोलीचं दार उघडं होतं. आतली सगळी माणसं गोल उभी राहून, एकमेकांचे हात धरून, डोळे मिटून एका सुरात काहीतरी म्हणत होती. पंख्याच्या खडखडाटात शब्द कळत नव्हते. अण्णा उंबऱ्याच्या बाहेरच थांबले.

"शपथ घेऊन राहिलेत," ते म्हणाले.

"न्हाई अण्णा, प्रार्थना असंल."

"मला कळतंय. मी न्हाई येत आत."

तेवढ्यात गोल मोडला. एक उंच गृहस्थ बाहेर आले, त्यांनी आम्हाला पाहिलं आणि म्हणाले, "या की आत. चहा घ्या, बसा घडीभर." त्यांनी नाव-गाव काही विचारलं नाही. अण्णांनी हात जोडले, "पुढच्या रविवारी येतो," म्हणाले आणि वळून चालायला लागले.

परतीच्या गाडीत ते खिडकीकडं तोंड करून बसले होते. लोहा गेल्यावर बोलले, "एक गेली माझी. आता तू एकटी हायस. तुझ्या डोक्यावर न्हाई मी हात ठेवणार."

मला रडू आवरेना. ते पुन्हा नांदेडला गेले नाहीत. मायनं भांडून पाहिलं, मी हातापाया पडले. ते नुसते माझ्याकडं बघायचे आणि मान हलवायचे. दुष्काळ सरला, त्या पावसाळ्यात अण्णा गेले. लिव्हर पार खराब झालं होतं.

बऱ्याच वर्षांनी लातुरातच तशी सभा सुरू झाली. मी तोवर शाळेत शिकवत होते. आमच्या शाळेतल्या एका बाईंचा नवरा प्यायचा. घरच्यांनाही येऊ देतात त्या दिवशी एकटीनं जायची त्यांना भीती वाटली, म्हणून मी सोबत गेले. या वेळी सुरुवातीपासून बसले. माणसं आपापली हकिगत सांगत होती. शेवटी सगळे उठले, हात धरले, डोळे मिटले. त्यांनी फक्त बळ मागितलं. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांना मी विचारलं, "शपथ कधी घेतात?"

"इथं शपथ न्हाई, ताई," ते म्हणाले. "आजच्या दिवस प्यायची न्हाई, एवढंच. शपथा मोडूनच तर आलोत सगळे."

घरी आले तेव्हा माय भाकरी थापत होती. तिनं विचारलं, काय असतं गं तिथं? मी सगळं सांगितलं. तिचे हात परातीतच थांबले. तव्यावरची भाकरी करपायला लागली, तीही मीच काढली.

"मंग बसले असते की गं ते," माय म्हणाली.